सात मुलं, आठ माणसं

आजोबांना पोहता येत नव्हतं, आणि ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला माहीत होती. ती तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ही गोष्ट एकट्या त्यांनाच माहीत होती.

बाकीच्यांना वेगळंच माहीत होतं. मुलगी सात वर्षांची असताना सगळे एकदा तळ्यावर फिरायला गेले होते. इतर मुलांचे बाप पाण्यात डुंबत होते आणि हे काठावर बूट घालून बसले होते. मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही उतरत?" तेव्हा ते म्हणाले, "मी इतका पोहलोय, की आता कंटाळा आलाय." थाप तशी लहानच होती. पण मुलीला ती फार आवडली, आणि दर वर्षी तिला नवे धुमारे फुटत गेले. आधी एक नदी आली, मग त्या नदीला पूर आला, मग डोक्यावर कपड्यांचं गाठोडं बांधून तो पूर पार करणं आलं. होणारा जावई पहिल्यांदा घरी जेवायला आला, तेव्हा मुलीनंच त्याला ही हकिगत रंगवून ऐकवली. आजोबा मान खाली घालून जेवत राहिले. बायकोनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा जग भरायच्या निमित्तानं ती आत गेली. ती आत जाऊन हसली, हे फक्त त्यांना कळलं.

खरी हकिगत अगदी थोडकी होती. ते अकरा वर्षांचे असताना थोरल्या चुलतभावानं, असंच शिकतात म्हणत, त्यांना खोल पाण्यात ढकललं होतं. खालून वर पाहताना हिरवट पाण्यातून भावाचा हसरा चेहरा दिसत होता, आणि आपण बुडतोय हे त्याला कळत नाहीये, एवढं त्यांना आठवत होतं. कुणीतरी केस धरून बाहेर काढलं. त्यानंतर गुडघ्याच्या वर येणाऱ्या पाण्यात ते कधी उतरले नाहीत.

एरवी माणूस भित्रा नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. पंधराव्या आणि सोळाव्या मजल्याच्या मधे बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर उभं राहून, आत अडकलेल्या लोकांशी ते हवापाण्याच्या गप्पा मारायचे. "घाबरू नका, मी आहे इथे," असं त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल याची गणती नव्हती. उंचीचं भय नाही, अंधाराचं नाही, विजेचं तर नाहीच.

ठकी चौदा महिन्यांची झाली त्या आठवड्यात हे सगळं सुरू झालं. ठकी म्हणजे त्यांची नात. हे नाव त्यांनीच पाडलेलं. एका सकाळी तिची आई तिला शोधत बाथरूममध्ये गेली, तर भरलेल्या बादलीच्या काठावर पोट टेकून ठकी आत वाकली होती. तिला तळाशी गेलेला मग हवा होता. तिचे पाय जमिनीवरून सुटले होते. आईनं तिला उचललं, कोरडं केलं, कपडे घातले आणि मग बाथरूमच्या फरशीवर बसून ती अर्धा तास रडली. ती हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायचं काम करायची. बादलीत काय होऊ शकतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

त्याच संध्याकाळी तिनं बाळांचा पोहण्याचा वर्ग शोधून काढला. सहा महिने ते तीन वर्षं, मंगळवारी सकाळी दहा वाजता, सोबत एक मोठं माणूस पाण्यात हवं.

"मंगळवारी माझी ड्यूटी असते," ती म्हणाली. "आणि ह्यांची नोकरी दुसऱ्या गावी. बाबा, तुम्ही न्याल ना? तुमच्याइतकं पाणी या घरात कुणाला कळतं?"

"नेईन की," आजोबा म्हणाले.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: सोबतच्या व्यक्तीला पोहता येतं का? मुलीनं न विचारताच 'हो'वर खूण केली. आजोबा शेजारीच बसले होते. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता, आणि तो त्यांनी चष्मा पुसण्यात घालवला.

*

तलाव एका व्यायामशाळेच्या तळघरात होता. खिडकी एकही नाही. कोमट पाण्याची वाफ फरश्यांवर बसलेली, क्लोरीनचा वास घशाला झोंबणारा, आणि प्रत्येक आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत येणारा. तलावाच्या मधोमध लाल-पांढऱ्या गोळ्यांची दोरी ताणलेली होती. दोरीच्या पलीकडे खोल. अलीकडे आजोबांच्या छातीपर्यंत पाणी.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या, आखूड केसांच्या. दमट हवेत ओरडून ओरडून त्यांचा आवाज कायमचा बसला होता. एकोणीस वर्षं त्या बाळांना शिकवत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मुलाला पाणी कळत नाही. त्याला तुमचे हात कळतात. तुम्ही घाबरलात, तर ते त्याला तुमच्या बोटांतून कळतं."

हे ऐकून आजोबा आणखीच घाबरले.

पण ठकीला काही कळल्याचं दिसलं नाही. ती पाण्यावर थापट्या मारायची, पाणी तोंडात घेऊन थुंकायची, डोक्यावर मग रिकामा केला की डोळे मिचकावून पुन्हा मगाकडे बघायची. आजोबांचं तसं नव्हतं. सोमवारी संध्याकाळपासून त्यांना अन्न जायचं नाही. मंगळवारी सकाळी ते तासभर आधी तयार होऊन बसायचे, आणि लेकीला वाटायचं, बाबांना उत्साह किती. पाण्यात ते नेहमी भिंतीला धरून उभे राहायचे, म्हणजे एक कोपर तरी काठाला लागेल.

"आजोबा, जरा पुढे या," ताई म्हणायच्या. "भिंत काही पळून जात नाही."

लोक हसायचे. आजोबाही हसायचे आणि अर्धं पाऊल पुढे यायचे.

वर्गात सात मुलं होती. आजोबांच्या डाव्या हाताला एक बाई असायच्या, त्या पाण्यातही चष्मा काढत नसत. उजव्या हाताला एक बेकरीवाला असायचा. पहाटेच्या भट्ट्या उरकून तो दोन वर्षांच्या मुलीला घेऊन यायचा, आणि त्याच्या कानामागे कायम पीठ असायचं. "आजोबा, मी रोज सहाशे पाव मळतो," तो म्हणायचा, "पण ही एक हातात धरली की हात थरथरतात." बेकरीवाल्याच्या पलीकडे शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई. त्यांचा मुलगा अकरा महिन्यांचा, मनगटाला तीन तीन वळ्या पडलेला. सगळे त्याला गब्दू म्हणायचे. तो कशालाही हसायचा. त्यांना तो उशिरा झालेला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या त्याला ज्या तऱ्हेनं धरायच्या त्यावरून दिसायचं.

*

सहाव्या मंगळवारी ताईंनी नवा खेळ घेतला. सगळ्यांना गोलात उभं केलं आणि स्वतःही गोलात उभ्या राहिल्या.

"आज मुलं हातोहात द्यायची," त्या म्हणाल्या. "पालथं धरायचं, पाण्यावरून सरकवत शेजारच्याकडे न्यायचं. मुलाला दुसऱ्याच्या हातांची सवय व्हायला हवी. सात मुलं आहेत आणि मी धरून आठ माणसं. म्हणजे कायम एकाच माणसाचे हात रिकामे असणार. रिकामे हात असलेल्यानं मुलाला नीट धरायचं आणि मोठ्यानं 'घेतलं' म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. कळलं?"

पहिली फेरी छान झाली. 'घेतलं, घेतलं' करत मुलं एकेक जागा पुढे सरकली. ठकी चष्मेवाल्या बाईंकडे गेली आणि त्यांच्या चष्म्यावर झडप घालायला लागली. दुसऱ्या फेरीत ती ताईंकडे पोचली. आजोबांनी बेकरीवाल्याची मुलगी पुढे चष्मेवाल्या बाईंकडे दिली आणि हात रिकामे करून ते उजवीकडे वळले. बेकरीवाल्याच्या हातात आता गब्दू होता. त्यानं तो पाण्यावरून सरकवला. गब्दू हसत आला. आजोबांनी त्याच्या काखेत हात घातले. ओलं, गुळगुळीत, जड अंग.

"घेतलं," आजोबा म्हणाले.

आणि दिवे गेले.

नुसते कमी झाले नाहीत. काहीच उरलं नाही. दारावरचा आणीबाणीचा दिवाही लागला नाही. पंपाची घरघर इतके दिवस चालू होती हे ती थांबल्यावर कळलं. एक क्षणभर सगळं इतकं शांत होतं, की पाणी काठाला चाटतंय तेवढं ऐकू येत होतं. मग एक मूल रडायला लागलं, मग दुसरं, आणि मग भिंतींनी ते रडणं उचललं.

आजोबांचे दोन्ही हात काठावर होते. फरशीची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती, की बोटं दुखत होती. ते कधी वळले, कधी हात तिथं पोचले, त्यांना कळलंच नव्हतं. पाणी एकदम वाढलंय, गळ्याशी आलंय असं वाटत होतं. अंधारात कितीतरी माणसांना त्यांनी धीर दिला होता, पण आता त्यांच्या घशातून आवाज फुटत नव्हता.

"कुणी हलू नका," ताईंचा बसका आवाज आला. त्या ओरडल्या नाहीत. "पाय जागचे उचलू नका. ज्यांच्या हातात मूल आहे, त्यांनी ओळीनं 'आहे' म्हणा. माझ्याकडे आहे. पुढे."

"आहे," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

मग आजोबांची पाळी होती. तेव्हा त्यांना आपले हात कुठे आहेत ते समजलं. आणि ते कुठे असायला हवे होते, तेही.

"आजोबा?"

"नाही," आजोबा म्हणाले.

"दादा?"

"मी दिला," बेकरीवाला म्हणाला. "मी दिला ना. माझ्याकडे नाही."

"पुढे," ताई म्हणाल्या.

"आहे," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यापुढे तिघांचं "आहे, आहे, आहे" आलं.

सहा झाले. मोजता सगळ्यांनाच येत होतं. गणिताच्या बाईंना सगळ्यात आधी आलं असणार.

"कोण नाहीये?" त्या म्हणाल्या. "माझा कुणाकडे आहे? कुणाकडे आहे माझा?"

"तुमच्या हातातलं मूल धरून ठेवा," ताई म्हणाल्या. "सोडू नका. कुणीही पाऊल उचलू नका, पायाखाली येईल. आजोबा आणि दादा, तुम्ही दोघंच खाली बसा. हातांनी चाचपा. आत्ता."

काठ सोडायला आजोबांना किती वेळ लागला? पुढे त्यांनी हे पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. कदाचित एक श्वास, कदाचित दोन. त्यांना तो फार मोठा वाटला. मग त्यांनी एकेक करून बोटं सोडली, गुडघे वाकवले आणि डोकं पाण्याखाली गेलं.

नाकात पाणी शिरलं. कान गच्च झाले. डोळे उघडे होते की मिटलेले, फरक पडत नव्हता. हात पुढे केले तर बेकरीवाल्याची केसाळ पोटरी लागली. आजोबा धडपडत वर आले, खोकले, काठासाठी हात उठला आणि त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा खाली. या वेळी त्यांनी हात तळाशी नाही, मधल्या पाण्यात फिरवले. अकरा वर्षांचे असताना ते स्वतः तळाला लागले नव्हते, मधेच लोंबकळत होते, हे त्यांना आठवलं. छाती फुटायला आली. आणि डाव्या हाताच्या पाठीला काहीतरी मऊ लागलं. त्यांना आधी खेळण्यातला रबरी मासा वाटला. मग त्याला टाच असल्याचं कळलं.

त्यांनी ती धरली आणि ओढली. दोन्ही हातांनी ते अंग डोक्याच्या वर उचलून धरलं आणि मग ते स्वतः वर आले. बोलायचं होतं, पण खोकल्याखेरीज काही निघेना. गब्दू हलत नव्हता. रडतही नव्हता. ओल्या कपड्याच्या बोळ्यासारखा त्यांच्या पंजांवर पडला होता.

"इकडे द्या," ताई अगदी जवळून म्हणाल्या. "दादा, आधी हिला धरा. घेतलं म्हणा."

"घेतलं," बेकरीवाला म्हणाला. ती ठकी होती. आजोबांना तिचा आवाज आला, रागावलेला, जिवंत.

मग ताईंनी गब्दूला घेतलं. पाठीवर थाप बसल्याचा आवाज आला. एक. दोन. तीन. मुलं रडत होती.

"माझाच आहे का?" गणिताच्या बाई विचारत होत्या. "कोण आहे तो? सांगा ना कुणीतरी. माझा आहे का?"

चार. पाच. आजोबांना माहीत होतं तो कुणाचा आहे. त्यांनी सांगितलं नाही.

सहाव्या थापेला शिंकल्यासारखा आवाज झाला. मग उलटी. मग एक बारीक, घोगरं, चिडलेलं रडं सुरू झालं आणि ते वाढत गेलं. कुणीतरी हुंदका दिला. दार उघडलं आणि सफाईवाल्या मावशी मोबाइलचा टॉर्च घेऊन धावत आल्या. त्या पांढऱ्या झोतात आजोबांना पहिल्यांदा गणिताच्या बाईंचा चेहरा दिसला. त्यांच्या कडेवर एक अनोळखी मूल होतं, आणि ते त्यांनी इतकं आवळलं होतं की ते कळवळत होतं.

*

गब्दूला हॉस्पिटलमध्ये नेलं. आजोबा आणि ठकी मागून बेकरीवाल्याच्या गाडीतून गेले. गाडीत पावांचा वास भरून राहिला होता आणि मागच्या सीटवर बेकरीवाल्याची मुलगी ठकीला आपला बूट चाखायला देत होती.

गब्दूच्या छातीचा एक्स-रे आजोबांच्या लेकीनंच काढला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"फुप्फुसं बरी दिसतायत," ती म्हणाली. "पण डॉक्टर उद्यापर्यंत ठेवून घेणार. पाणी आत गेलेलं असलं की नंतरही त्रास होऊ शकतो." मग तिनं वडिलांचा हात धरला. "बाबा, मला त्या बाईंनी सगळं सांगितलं. अंधारात बुडी मारून काढलंत तुम्ही त्याला. दुसरं कुणी असतं तर काही खरं नव्हतं."

आजोबांनी हात सोडवून घेतला आणि ठकीचं टोपडं सारखं करायला लागले. ते आधीच सारखं होतं.

थोड्या वेळानं व्यायामशाळेचा मॅनेजर कागद घेऊन आला. त्याला घडलेल्या प्रकाराचा अहवाल पाठवायचा होता. तो बाकावर बसून लिहायचा आणि लिहिलेलं वाचून दाखवायचा. बेकरीवाला समोर कोपरं मांडीवर टेकून बसला होता. आल्यापासून तो एकच वाक्य म्हणत होता, "मीच लवकर सोडला असणार."

"मग असं लिहितो," मॅनेजर म्हणाला. "'वीज गेली असता मूल देणाऱ्या व्यक्तीने, घेणाऱ्याची खात्री न करता, हात सोडला. शेजारील ज्येष्ठ गृहस्थांनी प्रसंगावधान राखून मुलाचे प्राण वाचवले.' बरोबर ना?"

"आजोबा घेतलं म्हणाले असं मला वाटलं होतं," बेकरीवाला खाली बघत म्हणाला. "पण गोंगाट होता. मला तसं ऐकू आलं असेल. माझीच चूक." आणि त्यानं पेन हातात घेतलं.

आजोबांना फक्त गप्प बसायचं होतं. त्यात ते तरबेज होते, तीस वर्षांचा सराव होता. लेक शेजारी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्यांना ती तळ्याकाठची सात वर्षांची मुलगी दिसत होती. त्यांचे हातपाय गार पडले. पाण्यात पडले होते तितकेच.

"थांबा," ते म्हणाले. "सही करू नका."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मी घेतलं म्हणालो होतो. नीट धरलंही होतं. ह्यांनी बरोबर सोडलं. दिवे गेले आणि मी मुलाला सोडून काठ धरला."

"आजोबा, अंधारात कुणाचंही..." मॅनेजर म्हणाला.

"कुणाचंही नाही. बाकी सगळ्यांनी धरून ठेवलं. मी सोडलं. मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. फॉर्मवर लिहिलंय ते खोटं आहे."

बेकरीवाल्यानं पेन खाली ठेवलं. त्यानं दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला. तो रागावलाय की सुटल्यासारखं वाटतंय त्याला, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

लेकीनं पुढे होऊन ठकीला त्यांच्या मांडीवरून उचललं आणि ती दोन पावलं मागे सरकली.

आजोबा उठले आणि मुलांच्या वॉर्डात गेले. गब्दू झोपला होता, बोटाला तार लावलेली. गणिताच्या बाई खुर्ची पलंगाला चिकटवून बसल्या होत्या. त्यांना पाहून त्या उठायला लागल्या, बहुधा पाया पडायला. आजोबांनी हात आडवा केला आणि बाहेर जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, उभ्यानंच, थोडक्यात.

त्या ऐकत राहिल्या. मधेच त्यांनी गब्दूच्या पायावर हात ठेवला.

"तुम्ही आता जा इथून," शेवटी त्या म्हणाल्या.

आजोबा गेले.

*

घरी लेकीनं ठकीला भरवलं, झोपवलं, आणि मग ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी येऊन त्यांच्या समोर बसली.

"नदी?" तिनं विचारलं.

"नव्हती."

"गाठोडं?"

"तेही नव्हतं."

"आईला माहीत होतं?"

"होतं."

ती टेबलावरच्या एका डागावर नख घासत राहिली. "सहा मंगळवार," ती म्हणाली. "सहा मंगळवार मी ठकीला तुमच्या हातात देऊन निर्धास्त एक्स-रे काढत होते. फॉर्मवर मी खूण केली तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात, बाबा. नुसतं नाही म्हणायचं होतं. मी काय हसले असते? दोन दिवस हसले असते."

"मला तेवढ्याचीही भीती वाटली," आजोबा म्हणाले.

ती उठून आत गेली. पुढचे बरेच दिवस ती त्यांच्याशी जेवण, औषधं आणि ठकीच्या झोपेच्या वेळा, एवढंच बोलली. ठकीला आंघोळ घालायची वेळ झाली, की ती बाथरूमचं दार आतून लावून घ्यायची. आजोबांना ती कडी ऐकू यायची.

गब्दू दुसऱ्या दिवशी घरी गेला. त्याला काही झालं नव्हतं. हे बेकरीवाल्यानं फोन करून कळवलं. त्यानं एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

दहा दिवसांनी ताईंचा फोन आला. त्यांनी आणीबाणीच्या दिव्यासाठी मॅनेजरशी भांडण केलं होतं. हातोहातचा खेळही बंद केला होता. "तुमची चूक मी झाकणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सारखे भिंतीला का चिकटता, हे एकोणीस वर्षांच्या अनुभवाला कळायला हवं होतं. मी त्यावर विनोद करत बसले. मंगळवारी सकाळी सातला या. मुलं नसतात तेव्हा. एकटेच या."

"या वयात?"

"सहा महिन्यांच्या मुलांना शिकवते मी. तुम्ही जरा मोठे आहात."

ते गेले. पहिल्या दिवशी ते पायरीवरच बसून राहिले. दुसऱ्या आठवड्यात कमरेपर्यंत. तोंड पाण्यात घालायला चौथा मंगळवार उजाडला. तोंड आत गेलं, की दर वेळी हाताला ती टाच लागायची. ते फुरफुरत वर यायचे आणि ताई थांबून राहायच्या. घरी त्यांनी हे सांगितलं नव्हतं. पण एका सोमवारी रात्री जेवताना लेक ताटाकडे बघत म्हणाली, "तुमचा टॉवेल ओला असतो मंगळवारी. वाळत घालत जा नीट, वास येतो."

सातव्या मंगळवारी ते कपडे बदलून तलावाकडे आले, तर दाराशी गणिताच्या बाई उभ्या होत्या. एकट्याच. गब्दूचे कपडे त्या दिवशी तिथेच राहिले होते, तेवढे न्यायला शाळेच्या आधी आल्या होत्या. पिशवी छातीशी धरलेली.

आजोबा बाजूला झाले. त्या गेल्या नाहीत.

"गब्दू कसा आहे?" आजोबांनी विचारलं.

"चालायला लागलाय. पाण्याला अजून हसतो. मीच आणत नाही त्याला." थोडा वेळ त्या दोरीच्या लाल-पांढऱ्या गोळ्यांकडे बघत राहिल्या. "तुमच्यावर माझा राग आहे. तो जाईल असं वाटत नाही."

"हो," आजोबा म्हणाले.

"एक सांगते. कुणाला सांगितलेलं नाही, घरीही नाही. त्या वेळी माझ्या हातात दुसऱ्या कुणाचं तरी मूल होतं. सहा झाले, आणि मला ते मूल टाकून द्यावंसं वाटलं. तिथेच, पाण्यात. हात मोकळे करून माझं शोधावं असं वाटलं. ताई सोडू नका म्हणाल्या म्हणून नाही सोडलं. त्या अर्धा क्षण उशिरा बोलल्या असत्या, तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही."

बाईंनी ती पिशवी दोन्ही हातांनी आवळली होती.

"त्या मुलाची आई मला रोज भेटते," त्या म्हणाल्या. "बसस्टॉपवर. तुम्ही धरून ठेवलंत, म्हणून माझे आभार मानते."

त्या वळल्या आणि जिना चढून गेल्या. त्यांच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत आजोबा तिथंच उभे होते.

"आजोबा, येताय ना?" ताईंनी पाण्यातून विचारलं.

ते पायऱ्या उतरले. पाणी छातीशी आलं तसं काळीज नेहमीसारखंच धडधडायला लागलं. ताई भिंतीपासून चार पावलं आत उभ्या होत्या. आजोबांनी एकदा काठाकडे पाहिलं आणि ते त्यांच्याकडे चालायला लागले.